कॅमेरे पोहोचायच्या आधी

८ फेब्रुवारी, रात्री

आजची तारीख पाहिली आणि ॲस्बरीच्या जुन्या बातम्या पुन्हा काढून वाचत बसले. २०२३ साली याच दिवशी, बुधवारी सकाळी, अमेरिकेत केंटकी राज्यातल्या विल्मोर गावी ॲस्बरी विद्यापीठाच्या ह्यूज सभागृहात रोजच्यासारखी उपासना झाली. संदेश होता बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या १२व्या अध्यायावर, प्रीतीविषयी. उपासना आटोपली तरी काही मुलं जागची हललीच नाहीत. गात राहिली, एकमेकांसाठी प्रार्थना करत राहिली. दोन आठवड्यांहून अधिक काळ ते चाललं. जेमतेम ६,००० वस्तीचं गाव, आणि आली ५०,००० च्या वर माणसं.

बहुतेक बातम्या या शेवटच्या आकड्यापासूनच सुरू होतात. मला तिथेच खटकतं. रांग केवढी, टिकटॉकवर किती जणांनी पाहिलं, आणि लगेच सवाल: हे खरं संजीवन, म्हणजे विश्वासाला आलेली नवी जाग, की नुसती लाट? आठवडा उलटायच्या आत निकाल हवा! विद्यापीठ स्वतः 'संजीवन' शब्द जपून वापरत होतं, (पवित्र आत्म्याचा) 'वर्षाव' म्हणत होतं. तेव्हा फॉक्स न्यूज या वृत्तवाहिनीवर असलेल्या टकर कार्लसन यांना तर त्यांनी येऊ नका अशी विनंती केली. हाती आलेली एवढी प्रसिद्धी सोडून द्यायला केवढा विश्वास लागतो. मला त्याचं फार अप्रूप वाटतं.

एका छायाचित्रापाशी मात्र बराच वेळ थांबले. लाकडी खुर्च्या, ऑर्गनच्या उंच नळ्या आणि वेदीपाशी गुडघे टेकलेली एक मुलगी. शेजारणीचा हात तिच्या पाठीवर. चेहरा दिसत नाही, ते बरंच आहे.

मग १९०६ आठवलं. लॉस एंजेलिसमधल्या अझुसा स्ट्रीटवर, पूर्वी तबेला असलेल्या पडक्या इमारतीत विल्यम सिमोर प्रार्थना चालवत. गुलामगिरी भोगलेल्या आईबापांचा हा मुलगा. १८ एप्रिलला लॉस एंजेलिस टाइम्सने या अन्य भाषांत, म्हणजे प्रार्थनेच्या भरात स्वतःलाही न येणाऱ्या बोलीत, बोलणाऱ्यांची टर उडवली. त्याच पहाटे सॅन फ्रान्सिस्कोत भूकंप झाला होता. टवाळी वाचून लोक कुतूहलाने आले आणि काही तिथेच रमले. बातमीदाराला गोंगाट ऐकू आला. पण काळे आणि गोरे त्या काळात एकाच फरशीवर शेजारी शेजारी गुडघे टेकून बसत होते, ही त्या खोलीतली सगळ्यात मोठी बातमी होती. ती हातची गेली. आज जगभरचे कोट्यवधी पेंटेकॉस्टल (पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणारा ख्रिस्ती पंथ) विश्वासी आपलं मूळ सांगताना त्याच खोलीचं नाव घेतात.

ॲस्बरीत कितीतरी मुलांनी सगळ्यांसमोर आपली पापं कबूल केली, एकमेकांची क्षमा मागितली. त्या पहिल्या दुपारी उठून न गेलेली मुलं आता नोकऱ्या-संसारात पांगली असतील. तिथे मिटवलेलं एखादं वैर मिटलेलंच राहिलं का, हे विचारायला कुणी बातमीदार त्यांच्या दारी गेला, तर ती बातमी मला वाचायची आहे.