हिरवी बाटली आणि दुपारचं ऊन

"कॅनला पत्र्याची चव लागते, बाटलीच द्या." आज दुपारी दादरच्या एका बिअर शॉपीत एक काका ठामपणे म्हणाले. त्यांच्या हातात पडली ती काउंटरवर उन्हात मांडलेली हिरवी बाटली.

ते ऊन डोक्यातून जाईना.

बिअरमधले हॉप्सचे (एका वेलीची फुलं, बिअरला कडवटपणा देणारी) कडवट घटक प्रकाशाला फार हळवे. बिअरमध्येच असलेलं रायबोफ्लेविन, म्हणजे जीवनसत्त्व ब-२, प्रकाश शोषतं, ते घटक तुटतात आणि गंधकाचा उग्र वास तयार होतो. थेट उन्हात काही मिनिटं पुरतात. मग फ्रीजमध्ये कितीही गार करा, तो वास जात नाही. तपकिरी काच असा बराचसा प्रकाश अडवते, हिरवी थोडाच, पारदर्शक जवळजवळ नाहीच. कॅन सगळा अडवतो.

हवेचंही तसंच. बाटलीच्या बुचातून महिनोन्महिने किंचित ऑक्सिजन झिरपतो आणि बिअरला ओल्या पुठ्ठ्याची चव येते. कॅनची कड दुहेरी दुमडलेली असते, तिथून हवा जवळजवळ शिरत नाही. (त्या कडेलाच पोचा असेल तर मात्र तो कॅन घेऊ नका.)

आणि पत्रा? कॅनला आतून पातळ लेप असतो, बिअर ॲल्युमिनियमला शिवत नाही. ओठ आणि नाक धातूच्या कडेला टेकतात म्हणून तसं वाटतं. ग्लासात ओता, फरक कळेल.

बाटली धुऊन पुन्हा भरली जाते, हा तिचा खरा मोठा गुण. खांद्यावरचे घासल्याचे पांढरट पट्टे त्याचेच. पण मग ती सावलीत, खोक्यात हवी.

तुमच्याकडचा दुकानदार कुठे ठेवतो?