मामाचा तलाव

परवा दुपारी गोंदिया जिल्ह्यातल्या कोहमाऱ्याच्या फाट्यावर एसटीची वाट बघत बसलो होतो. हलका धान कापायला आलेला, ऊन असं की ऑक्टोबर आहे की मे तेच कळेना, आणि एसटी नेहमीप्रमाणे "येऊनच रायली" होती, म्हणजे तिचा पत्ता नव्हता. टपरीवर दोन बुढे भांडत होते. विषय काय, तर समृद्धी महामार्ग आता भंडारा-गोंदियाकडे वाढवणार आहेत, मग या तुकड्याला नाव कोणाचं द्यायचं. एकाच्या मते, ज्यांनी हा भाग वसवला त्यांचं. दुसरा बशीत चहा ओतता ओतता म्हणाला, "कोनाचंबी देनं बाप्पा, आपली मोटारसायकल त्याच्यावर जात नाही, ना ट्रॅक्टर."

यावर पहिला गप्प झाला. मी मात्र अडकलो.

म्हणजे बघा, नागपूर-मुंबई ७०१ किलोमीटरच्या त्या रस्त्याचं कागदावरचं नाव हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे महाराष्ट्र समृद्धी महामार्ग, पण टोलनाक्यावर काय, लग्नाच्या पत्रिकेत काय, लोक नुसतं समृद्धी म्हणतात. आणि आमच्या समोरून जाणारा हा रायपूरचा रस्ता, इंग्रजांच्या काळात ग्रेट ईस्टर्न रोड होता, तिकडे दुर्ग-भिलाईत अजून जीई रोडच म्हणतात, मग तो झाला नॅशनल हायवे ६, आणि २०१० मध्ये सगळ्या देशाचे नंबर बदलले तेव्हा ५३. माझा काका अजून "सिक्सवर गाडी लागली" म्हणतो, त्याला ५३ सांगितलं तर तो दुसराच कुठलातरी रस्ता समजतो. गंमत म्हणजे रस्त्याला गावाचं नाव नाही पण गावाला रस्त्याचं आहे. जिल्ह्यात अर्जुनी दोन, मग एक झाली अर्जुनी मोरगाव आणि सडकेवरची ती सडक अर्जुनी. तालुक्याच्या नावात चक्क सडक! मला हे लहानपणापासून फार आवडतं, का ते विचारू नका.

नावांचा माझा घोळ जुनाच आहे. दुसरी-तिसरीत असेन, आमच्या गावच्या तलावाच्या पाळीवर पत्र्याचा बोर्ड लागला, त्यावर "मा. मा. तलाव". नुकतं वाचता यायला लागलेलं, मी मोठ्यानं वाचलं, मामा तलाव! मला एकच मामा, बाजूच्या गावचा, तो पावसाळ्यात यायचा आणि येताना शिंगाडे आणायचा. बस, मी शाळेत सांगून मोकळा, तलाव आमच्या मामाचा आहे. एका पोट्ट्यानं आपला बैल न विचारता तिथे धुतला म्हणून त्याच्याशी मारामारीही केली, त्यानं मला चिखलात लोळवलं आणि बैल निवांत बघत उभा होता. मामाला विचारलं तर तो बिलंदर म्हणाला, हाव ना, माझाच आहे, तू फक्त राखण कर. पुढे कितीतरी वर्षांनी कळलं की ते माजी मालगुजारी, म्हणजे पूर्वी गावाचा सारा वसूल करणाऱ्या मालगुजाराच्या मालकीचा. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, आणि पूर्व विदर्भातले साडेसहा हजारांहून जास्त तलाव एका झटक्यात सगळ्यांचे मामा झाले. ज्यानं बांधला त्याचं नाव बोर्डावर नाही, ज्याची मालकी गेली त्याचीही नुसती आद्याक्षरं.

आजी त्या पाळीवर चढताना चपला काढून काखेत मारायची. पाळीखाली उतरली की पुन्हा घालायची. काटे, खडे, तापलेला मुरूम, काही असो. मी एकदा विचारलं, काहून? म्हणाली, "कोनाच्या तरी डोक्यावरून आली ना ही माती, टोपल्या टोपल्यानं. चपलीनं तुडवाची का?" आणि चालायला लागली, डोक्यावर भाकरीचं फडकं, पाय भेगाळलेले. पाळीच्या एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला खाली सगळ्या धानाच्या बांध्या, तुडुम, म्हणजे तलावाचं पाणी सोडायचं दार, उघडला की पाणी धुऱ्याधुऱ्यानं शेवटच्या बांधीपर्यंत जायचं आणि आजी उगाच त्या पाण्यामागे मान वळवून बघत राहायची.

वसवणारे म्हटलं की आमच्याकडे पहिलं नाव येतं कोलू पाटील कोहळी. नवेगावबांधचा तलाव त्यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला असं मानतात. गोंड राजानं म्हणे सांगितलं होतं, जंगल तोडून तलाव बांध, गाव तुझं. त्या पाटलाचा पुढे देव झाला, कोलासूर, तलावाभोवतीच्या सात बहिणी डोंगरांतल्या एकावर त्याचं ठाणं. आता ज्याचा देव झाला त्याला हायवेचं नाव म्हणजे प्रमोशन की डिमोशन, हे मला ठरवता आलं नाही.

आणि दुसरी पंचाईत अशी की पाटलाच्या आधी इथे कोणीच नव्हतं का? जंगल तोडायला सांगणारा राजा गोंड, तोडलं ते जंगल ज्यांचं होतं तेही गोंड. मासे ढिवरांनी धरले. धानाचा रोवणा बायांनी केला, कमरेत वाकून, पिढ्यानपिढ्या, आणि माती वाहिली ती कोणी ते आजीलाही माहीत नव्हतं, तिनं फक्त "कोनाच्या तरी" म्हटलं होतं. या सगळ्यांची नावं लिहायची तर बोर्ड साकोलीपासून देवरीपर्यंत लागेल. वसवणाऱ्यांच्या नावानं रस्ता म्हणायला छान वाटतं, पण हा समोरचा रस्ता चौपदरी करताना ज्यांची बांधी गेली ते मोबदल्याची पावती जपून ठेवून आहेत, त्यांना विचारलं तर ते वेगळंच नाव सुचवतील. लिहिण्यासारखं नसेल ते.

बुढे तोवर धानाच्या चुकाऱ्यावर आले होते.

तेवढ्यात एसटी आली. समोर पाटी, नुसतं "अर्जुनी". मी दारात लोंबकळत कंडक्टरला विचारलं, कोणती अर्जुनी?

"चढा ना भाऊ," तो म्हणाला, "आल्यावर समजते."