रिटायर व्हावं तर हॅगलरसारखं

ऐरोलीहून भाचा आला की आमच्या वर्तकनगरच्या गॅलरीत दोन लांबलचक पिवळ्या पट्ट्या वाळत पडतात. बॉक्सिंगच्या. एकेक साडेचार मीटरची, एका टोकाला अंगठा अडकवायला फास, दुसऱ्या टोकाला वेल्क्रो. कितीही पिळा, घामाचा वास काही जात नाही. आणि दोरीवर नीट दुमडून टाकल्या नाहीत तर टोक थेट खालच्या काकूंच्या तुळशीवर लोंबतं. परवा काकूंनी खालून विचारलंच, "घरात पेशंट आहे का हो कुणी?"

रविवारचं मटण अंगावर आलेलं. पंखा फुल. भाचा दिवाणावर आडवा पडून मोबाइलमध्ये डोकं घालून होता. मधेच म्हणाला, "मामा, आर्तुरो गॅटी हॉल ऑफ फेममध्ये बसतो का?"

"नाही." डोळे न उघडताच मी म्हटलं.

"2013 पासून बसलाय तो तिथे."

"बसवलाय. बसतो का, असं विचारलंस ना तू?"

झालं. दुपारची झोप गेली. गॅटी हा बॉक्सर, आणि हॉल ऑफ फेम म्हणजे बॉक्सिंगमधल्या मानकऱ्यांचं संग्रहालय.

गॅटीचं हे भांडण जुनंच आहे. 40 विजय, 9 पराभव. दोन वजनगटांत जगज्जेता झाला हे खरं, पण त्याच्या काळातल्या खऱ्या दादा लोकांपुढे उभा राहिला तेव्हा मार खाल्ला. 2005 साली मेवेदरने सहा राउंडमध्ये त्याची जी दशा केली ती बघवत नाही. नाव राहिलं ते मिकी वॉर्डबरोबरच्या तीन लढतींमुळे. पहिल्या लढतीतला नववा राउंड लोक अजून शोधून शोधून बघतात. मीही बघतो, नाही कशाला म्हणू? पण माझं म्हणणं एवढंच, की त्या तीन लढतींच्या जिवावर गॅटी आत जातो, तर त्याच तीन लढतींत तेवढंच रक्त सांडणारा वॉर्ड त्या वर्षी बाहेर का?

भाच्याकडे हुकमी पान होतं. "मामा, तिथे स्टॅलोन आहे. 2011 चा. टायसन ज्या वर्षी आत गेला त्याच वर्षी. पडद्यावर गुद्दे खाल्लेला माणूस चालतो आणि गॅटीला तू हरकत घेतोस?"

यावर काय बोलणार. मी चहा टाकायला उठलो.

हे हॉल ऑफ फेम आहे कॅनास्टोटा नावाच्या गावात. न्यूयॉर्क राज्यातलं एवढंसं गाव, काळीभोर जमीन आणि कांद्याची शेती. तिथल्या एका कांदा पिकवणाऱ्याचा मुलगा कार्मेन बॅसिलिओ. त्याने 1957 साली शुगर रे रॉबिन्सनला हरवून मिडलवेटचा पट्टा घेतला. पुढे त्याच्या नात्यातला बिली बॅकसही जगज्जेता झाला. आम्ही दोघं तरी त्यांना मामा-भाचेच धरतो. गावाला आपल्या या दोघांचं कौतुक करायचं होतं, त्यातून वाढत वाढत 1989 साली ते संग्रहालय उभं राहिलं. आत जाणाऱ्याच्या मुठीचा साचा घेऊन ठेवतात तिथे. लासलगावला कुणी पैलवानांसाठी असं काही बांधलं असतं तर मी कांदे आणायला तिथेच गेलो असतो. आपल्याकडे खाशाबा जाधवांनी 1952 साली हेलसिंकीहून कांस्यपदक आणलं, अर्जुन पुरस्कार मिळाला तो माणूस गेल्यावर, आणि पद्म तर नाहीच. तिथे निदान बॉक्सिंगवर लिहिणारे आणि इतिहास लिहिणारे मतं तरी देतात. आपल्याकडे कोण देतं कुणास ठाऊक.

पण माझं खरं दुखणं वेगळं आहे. नियम असा, की बॉक्सर रिटायर झाल्यावर काही वर्षं जाऊ द्यायची, मग त्याचं नाव घ्यायचं. पूर्वी पाच वर्षं होती, आता तीन. आता सांगा, बॉक्सर रिटायर झाला हे ठरवायचं कसं? शुगर रे लेनर्ड 1997 साली आत गेला, आणि त्याच वर्षीच्या मार्चमध्ये कामाचोकडून पाच राउंडमध्ये मार खाऊन आला होता. पॅकियाओची तर कमालच. 2025 च्या जूनमध्ये सत्कार घेतला आणि जुलैमध्ये, वयाच्या 46 व्या वर्षी, बॅरिओसबरोबर 12 राउंड खेळून लढत बरोबरीत सोडवली. भाच्याच्या अंगावर काटा येतो हे सांगताना. मी म्हणतो, नियमात बसत असेल, रीतीत बसत नाही. सत्काराची शाल घडी करून कपाटात तरी जाऊ दे.

"आणि फोरमन?"

फोरमनचं मी ऐकून घेतो. 1977 ला सोडलं, दहा वर्षांनी परत आला, 1994 साली पंचेचाळिसाव्या वर्षी मूररला झोपवून पुन्हा हेवीवेट जगज्जेता झाला. फोरमनला माफ. का, ते विचारू नका.

माझा माणूस मार्व्हिन हॅगलर. तुळतुळीत डोकं, डावखुरा पवित्रा, आणि लोक आपल्याला 'मार्व्हलस' म्हणत नाहीत म्हणून 1982 साली कायद्याने नावातच ते घालून घेतलेला. 1985 साली हर्न्सबरोबरची तीन राउंडची लढत बघितली नसेल तर हे वाचणं थांबवून आधी ती बघा. 1987 च्या एप्रिलमध्ये लेनर्डने त्याला हरवलं. हरवलं म्हणजे तिघांतल्या दोन पंचांनी तसं लिहिलं. एकाने तर लेनर्डच्या बाजूने 118-110 गुण लिहिले, आणि त्याबद्दल माझं मत छापण्याजोगं नाही. हॅगलरने पुन्हा लढतीची वाट बघितली, मिळाली नाही. मग सोडलं आणि उठून इटलीला गेला, तिथे सिनेमात कामं केली. पुढे लढतीची गोष्ट परत निघाली तेव्हा त्याने दार लावून घेतलेलं होतं. 2021 मध्ये वारला. पैसा दिसत होता, राग होता, अंगात रगही असणार. तरी परत आला नाही. हे कुठल्या रेकॉर्डमध्ये लिहितात?

असं बिनतक्रार सोडता येणारी माणसं मी फार बघितलेली नाहीत. माझा मामा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात टर्नर होता. अठ्ठावन्नाव्या वर्षी शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ देऊन त्याला निरोप दिला. त्यानंतर कितीतरी महिने पहिल्या पाळीच्या भोंग्याला तो इस्त्रीचा शर्ट घालून नाक्यावरच्या टपरीवर चहाला उभा असायचा. आत जाणाऱ्यांना हात करायचा. मामी म्हणायची, चहा काय घरी मिळत नाही?

बॉक्सिंगचं हे खूळ त्याच्याचकडून आलं. चरईतल्या आमच्या चाळीत बॉक्सिंगचा आणि कुणाचा काही संबंध नव्हता, पण मामा कॅन्टीनमध्ये पडलेले पेपर घरी आणायचा आणि अली-फ्रेझरच्या बातम्या आम्हाला कीर्तनासारख्या लावून सांगायचा. मग व्हरांड्यात लढती. हाताला पंचे गुंडाळायचे, राउंड मोजायला गजराचं घड्याळ, घंटा म्हणून ताटावर पळी. मावसभाऊ उंच, म्हणून तो कायम अली. मी बुटका आणि गोल, म्हणून कायम फ्रेझर. मला हे कधीच मान्य नव्हतं, पण विचारलं कुणी?

1975 च्या ऑक्टोबरात अली-फ्रेझरची मनिलाची लढत झाली. चौदा राउंड दोघांनी एकमेकांना फोडून काढलं. फ्रेझरच्या डाव्या डोळ्याला आधीच नीट दिसत नव्हतं, उजवा सुजून मिटला. पंधराव्याला उठणार तेवढ्यात त्याचा ट्रेनर एडी फच याने लढत थांबवली. फ्रेझर नको नको म्हणत होता. रिंगमध्ये मार खाऊन माणसं मेलेली फचने बघितलेली होती. तो म्हणाला, बस बेटा, संपलं, आज तू जे केलंस ते कुणी विसरणार नाही.

ही गोष्ट ऐकल्यावर आम्ही अर्थातच मनिला खेळलो. मावसभावाचा पंचा सुटून नुसतीच मूठ माझ्या नाकावर बसली. रक्त छातीपर्यंत आलं. मी ओरडत होतो, अजून एक राउंड, अजून एक! मामाने पळी खाली ठेवली, मला पाटावर बसवलं, मान मागे केली आणि डोक्यावर गार पाण्याचा हात ठेवून म्हणाला, "बस." पुढे कितीतरी दिवस मी त्याच्याशी बोललो नाही. जिंकणार होतो मी.

1980 साली अली होम्सशी लढला. वय 38, मधली दोन वर्षं रिटायर होऊन परत आलेला. होम्स त्याचाच जुना सरावातला जोडीदार. दहा राउंड झाले, तिन्ही पंचांपैकी एकानेही अलीला एक राउंड दिला नाही, मग अलीचा ट्रेनर अँजेलो डंडी याने लढत थांबवली. बातमी आली त्या दिवशी मामाने पेपर वाचून दाखवला नाही. आम्ही मागितला तर म्हणाला, कॅन्टीनमध्येच राहिला. तो त्याच्या पिशवीत दिसत होता. आणि अली पुढच्या वर्षी बहामात जाऊन आणखी एकदा हरून आला.

ती होम्सची लढत लावणारा प्रमोटर डॉन किंग. तो 1997 साली हॉल ऑफ फेममध्ये गेला. फच त्याच्या आधी, 1994 ला. दोघं एकाच छपराखाली. भाच्याला म्हटलं, मला एकच मत असेल तर मी फचला देईन, बाकी गॅटी, पॅकियाओ, काय तो घोळ तुम्ही घाला.

"तो बॉक्सरच्या यादीत येत नाही मामा. त्यांचा रकाना वेगळा असतो."

"मग रकाना बदला."

तो हसला आणि पट्ट्या गुंडाळायला बसला. वेल्क्रोचं टोक आत ठेवून, मांडीवर घासत, एकेक वेढा घट्ट ओढत. गुंडाळता गुंडाळता सहज सांगावं तसं म्हणाला, मागच्या आठवड्यात सरावात कानावर एक बसला, दोन दिवस शिट्टी वाजत होती. आता नाही. "आईला सांगू नकोस."

संध्याकाळच्या वाशी लोकलने तो गेला. रात्री ताईचा फोन. ती दर वेळी हेच म्हणते, तुझं तो ऐकतो, तू सांग.

"विचारलंस का त्याला, कधी सोडणार ते?"

म्हटलं, नाही गं, आमचं हॅगलरवरच अडलं.