जाहिरात असते, पण दिसते का?

गूगल ॲडसेन्सच्या (संकेतस्थळावर जाहिराती दाखवून त्याच्या मालकाला पैसे देणाऱ्या गूगलच्या सेवेच्या) जाहिराती मी सुरुवातीला माझ्या संकेतस्थळावरील पाककृतींच्या प्रत्येक पानावर शीर्षकाच्या वरच लावत असे, कारण वाचकाचा डोळा आधी तिथेच जातो अशी माझी समजूत होती. प्रत्येक जागेसाठी स्वतंत्र जाहिरात तयार करून त्यांचे अहवाल वेगवेगळे पाहू लागल्यावर ती समजूत टिकली नाही; वाचक थेट साहित्याच्या यादीकडे उतरत असल्यामुळे वरची जाहिरात दिसण्याआधीच मागे पडत होती. प्रचलित निकषानुसार जाहिरातीचा निदान 50 टक्के भाग सलग 1 सेकंद पडद्यावर राहिला, तरच ती दिसली असे धरतात. साहित्य आणि कृती यांच्यामध्ये हलवलेली जाहिरात मात्र वाचक रवा-गूळ मोजून घेईपर्यंत समोर राहते.

तुलना करताना मी एकूण कमाईऐवजी दर 1000 पृष्ठदर्शनांमागची कमाई पाहतो, कारण गणपतीत मोदकांच्या पानावर गर्दी उसळली की एकूण आकडा फसवा ठरतो. स्वतःच्याच जाहिरातीवर क्लिक करून पाहण्याचा मोह (तो मलाही झाला होता) आवरावा लागतो, अन्यथा खातेच बंद होऊ शकते. 100 डॉलर जमेपर्यंत पैसे हाती येत नाहीत, त्यामुळे एका वेळी एकच जागा बदलून वाट पाहायला सवड मिळतेच.