लोणंदचा मुक्काम

आळंदीहून ज्ञानेश्वर महाराजांची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला निघते आणि पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे असे मुक्काम करीत, नीरा नदीत पादुकांना स्नान घालून, सातव्या-आठव्या दिवशी लोणंदला पोहोचते. आमचे घर त्या वाटेपासून दोन गल्ल्या आत आहे. १९७८ साली आई या घरात सून म्हणून आली, तेव्हा पालखीला जेमतेम पंधरवडा उरला होता आणि परभणीकडची एक दिंडी आमच्या ओसरीवर उतरत असे, हे तिला लग्नानंतर कळले. साठ माणसांचा स्वयंपाक हीच तिची सासरची पहिली परीक्षा ठरली. त्यानंतरच्या पंचेचाळीस वर्षांत गळ्यात तुळशीची माळ, दर एकादशीला निरंकार उपवास आणि रोज संध्याकाळी हरिपाठ असूनही ती आषाढीला पंढरपूरला एकदाही गेली नाही. कोणी विचारले तर म्हणे, "वारीच दारात येते, मग मी घर सोडून कुठं जाऊ?"

पालखीच्या आधी दोन दिवस घरात चालायलाही जागा नसे. गिरणीवरून आलेली ज्वारीच्या पिठाची पोती, डब्यांत भरून ठेवलेले बेसन, मिरच्यांचा ढीग, आणि कांदे तर विचारूच नका. लोणंद हे कांद्याच्या बाजाराचे गाव आणि वडील तिथल्याच एका अडत्याकडे दिवाणजी असल्यामुळे कांदा तेवढा विकत घ्यावा लागत नसे. बाकी सगळे पगारातून किंवा उधारीवर येई. पहाटे तीनला चूल पेटे. परातीत पीठ मळून त्यावर पाण्याचा हात फिरवता फिरवता ती हरिपाठ म्हणायला सुरुवात करी. सत्तावीस अभंग आणि सत्तावीस भाकरी, असा तिचा हिशेब होता. अभंग संपून भाकरी उरली तर पीठ सैल झाले असे ती म्हणे, आणि भाकरी संपून अभंग उरला तर जाळ जास्त झाला असे. देवाचे नाव आणि तव्याचा अंदाज तिने एकमेकांत इतके गुंतवले होते की यात भक्ती किती आणि सवय किती, हे मी कधी सोडवू शकलो नाही. सोडवण्याची गरज तिला तरी वाटत नव्हती.

वारकरी येऊन टेकले की ती आधी त्यांच्या पायांकडे बघे. पावसात भिजलेल्या, चिखलात रुतून निघालेल्या त्या टाचांना फोड आलेले असत. ती सुई गरम करून, तीत ओवलेला दोरा फोडाच्या आरपार नेई आणि तिथेच सोडी, म्हणजे पाणी हळूहळू झिरपते आणि कातडी निघत नाही. मग कोमट तेल. वयाने तिच्यापेक्षा मोठे असलेले पुरुष संकोचून पाय मागे घेत, तेव्हा ती त्यांना "माउली, गुमान बसा" असे दटावी.

हे सगळे तिच्यात कुठून आले, याचे एक उत्तर मी मनाशी ठरवून टाकले होते. तिचे माहेर माण तालुक्यातले. १९७२ च्या दुष्काळात ती बारा वर्षांची होती आणि आजीबरोबर पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जात असे. त्या कामावर मिळणारी सुकडी आणि रेशनवरची तांबडी मिलो ज्वारी यांवर त्यांच्या घराने ते वर्ष काढले. मिलोची भाकरी थापताना तुटते आणि गिळताना घशाला लागते, एवढेच ती त्याबद्दल सांगे. उपाशी राहिलेले माणूस पुढे दुसऱ्यांना जेवू घालते, असे मी तिला एकदा ऐकवले. ती म्हणाली, "उपाशी राहिलेली माणसं साठवूनही ठेवतात. आपल्या गल्लीतच बघ की." त्यानंतर मी तो सिद्धांत पुन्हा मांडला नाही.

गल्लीत तिचा दरारा होता आणि हक्कही. कुणाच्या घरी मयत झाले, त्या दिवशी तिथली चूल पेटत नाही, तेव्हा पिठले-भाकरीचे टोपले आमच्या घरून जाणार हे ठरलेले असे. बाळंतिणीच्या घरी शेपूची भाजी आणि डिंकाचे लाडू जात. लिहिता न येणाऱ्या बायकांना पोस्टात घेऊन जाणे, नवऱ्याने मारलेल्या एखादीला रात्रीपुरते माजघरात झोपवणे आणि सकाळी त्या नवऱ्याला ओसरीवर बोलावून सगळ्यांदेखत चहा पाजत खडसावणे, हेही तिच्या दिनक्रमातच मोडत असे. २०२० साली वारी निघाली नाही आणि पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. पीठ दळून आणलेले होतेच. पुण्या-मुंबईहून परतलेल्या लोकांना तेव्हा शाळेत वेगळे ठेवले होते; आईने दोन दिवसांच्या भाकरी तिकडे पाठवल्या आणि त्यांना वाढताना "माउली" म्हणायला मला बजावले.

या सगळ्याची किंमत घराने मोजली नाही असे म्हटले तर ते खोटे होईल. मी सातवीत असताना पालखीच्याच दिवशी मला सणकून ताप भरला होता आणि मला मावशीच्या स्वाधीन करून आई ओसरीवर वाढत होती. माझ्या कपाळावर हात ठेवायला ती रात्री अकराला आली. हाताला लसणीचा वास होता. मी तोंड फिरवले. वडिलांचा देवाधर्मावर फारसा विश्वास नव्हता, तरी दरवर्षी आषाढात किराणा दुकानदाराकडे तोंड चुकवून जाण्याची पाळी त्यांच्यावर येई. पुढे मी कमावता झाल्यावर आचाऱ्याला पैसे देतो, तू नुसती बसून राहा, असे तिला सुचवले. तिने मला उत्तर दिले नाही. आत जाऊन पितळी पातेली घासायला घेतली, आणि ती नेहमीपेक्षा जास्त वाजत होती.

त्या आवाजाला आमच्या घरात अर्थ होता. पालखीतळावर संध्याकाळी समाजआरतीपूर्वी चोपदार दंड उंचावतात, तेव्हा हजारो टाळ एका क्षणात थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तीच तेवढी टाळ वाजवीत राहते, चोपदार तिच्याकडे जाऊन गाऱ्हाणे ऐकतात आणि मग तीही शांत होते. लहानपणी आई माझे बोट धरून हे दाखवायला नेई. तिच्या स्वतःच्या गाऱ्हाण्यांना मात्र चोपदार नव्हता. काकांच्या धंद्यासाठी तिच्या पाटल्या गहाण गेल्या त्या परत आल्या नाहीत, आणि त्या आठवड्यात घरातली भांडी जी वाजली ती मला आजही ऐकू येतात. आम्ही कोणीही उठून विचारायला गेलो नाही. मीही नाही.

लोणंदहून पालखी दुपारी निघे तेव्हा ती पदर खोचून दिंडीबरोबर चालू लागे. तरडगावच्या अलीकडे चांदोबाचा लिंब येथे पहिले उभे रिंगण होते. अश्व धावत गेला की त्याच्या टापांखालची चिमूटभर माती ती कपाळाला लावी आणि उलट पावली घरी फिरे. तिची वारी तेवढीच.

ती २०२३ च्या मार्गशीर्षात गेली. त्या दिवशी आमच्याकडे चार घरांतून पिठले आले. एकात मीठ जास्त होते, आणि हे सांगायला ती नाही याचेच मला पहिल्यांदा रडू आले. पुढच्या वर्षी दिंडी आली तेव्हा बायको, बहीण आणि गल्लीतल्या सात-आठ जणी पहाटे तीनला चुलीशी बसल्या. हरिपाठ कोणाला पुरता पाठ नव्हता, म्हणून मोबाइलवर लावला, आणि भाकरींचा हिशेब काही जुळला नाही. मी दिंडीबरोबर लिंबापर्यंत गेलो. विणेकरीबुवा म्हणाले, "आता पंढरीपर्यंत चला की." जावेसे वाटत होते. पण घरी शेजाऱ्यांकडून आणलेल्या भांड्यांचा ढीग पडला होता. ती परत देताना रिकामी द्यायची नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी घालायची, अशी तिची शिस्त होती. रात्री उशिरापर्यंत मी एकेक पातेले उपडे करून दिव्याखाली धरत होतो आणि बुडाशी कोरलेली नावे वाचून ती घरवार लावत होतो.