अकरा मिनिटांचे इंधन

जमिनीवरून चालवल्या जाणाऱ्या आमच्या मानवरहित विमानाने परतीचे वळण घेतले आणि पडद्यावरचा जमिनीसापेक्ष वेग ताशी १४० किलोमीटरवरून उतरत उतरत ६० वर येऊन थांबला, तेव्हा सकाळच्या हिशेबात चूक झाली आहे हे मला कळले. हवेतला वेग ताशी १०० किलोमीटरच होता. अंदाजात ताशी १५ किलोमीटर सांगितलेला समोरचा वारा प्रत्यक्षात ४० किलोमीटरने वाहत होता. जाताना तोच वारा पाठीशी असल्यामुळे पाहणीचे काम वेळेआधी आटोपले होते, आणि त्या समाधानात परतीचा हिशेब पुन्हा मांडायला हवा होता, हे माझ्या ध्यानात आले नाही.

धावपट्टी ६० किलोमीटरवर होती. योजनेप्रमाणे हे अंतर ४२ मिनिटांत कापायचे होते, त्याला आता पूर्ण तास लागणार होता. आमचे छोटे पेट्रोल इंजिन तासाला दीड लिटर जाळते. इंधनप्रवाहाच्या मोजणीनुसार टाकीत २.९ लिटर शिल्लक होते. त्यातले दीड लिटर परतीला आणि ४५ मिनिटांचे अंतिम राखीव इंधन म्हणून १.१२५ लिटर, एवढे वजा केल्यावर २७५ मिलिलिटर, म्हणजे अकरा मिनिटांचे उड्डाण, एवढेच हाताशी राहत होते. टाकीतला मापक मात्र ३.२ लिटर दाखवत होता. नाक किंचित वर ठेवून उडताना पेट्रोल मापकाच्या बाजूला सरकते आणि आकडा फुगतो. दोन आकडे जुळत नसतील तेव्हा कमी असलेला खरा मानायचा, हा आमचा नियम आहे.

खालच्या उंचीवर वारा मंद असणार, हा विचार साहजिकच मनात आला. परंतु आम्हाला मंजूर झालेल्या उंचीच्या खाली उतरलो असतो, तर मधल्या डोंगराआड विमानाशी असलेला संपर्क तुटला असता. त्यामुळे तो पर्याय तिथेच सोडला.

धावपट्टीपासून २५ किलोमीटरवर आमचा मार्ग नियंत्रित हवाई क्षेत्राच्या कडेने एका अरुंद पट्ट्यात शिरतो. तिथे पोहोचण्याच्या सुमारास नियंत्रकांनी आम्हाला बाहेरच घिरट्या घालायला सांगितले, कारण रुग्णाला नेणारे एक हेलिकॉप्टर तो पट्टा ओलांडणार होते. अंदाजे पंधरा मिनिटे लागतील, असे ते म्हणाले. आमच्याकडे होती अकरा.

त्या क्षणी मी कचरले, हे मला मान्य केले पाहिजे. त्या हेलिकॉप्टरमध्ये एक जीव होता आणि आमच्या विमानात कोणीच नव्हते, मग इंधनाचे कारण पुढे करायचे तरी कोणत्या तोंडाने, असे वाटले. पण ‘मिनिमम फ्युएल’ ही घोषणा प्राधान्य मागण्यासाठी नसतेच. उतरण्याची जागा आता एकच उरली आहे आणि परवानगीत आणखी बदल झाला तर राखीव इंधनाला हात लागू शकतो, एवढीच माहिती तिच्यातून नियंत्रकाला मिळते. राखीव इंधन मोडणार हे निश्चित झाल्यावर ‘मे डे फ्युएल’ म्हणावे लागते, आणि ती मात्र आणीबाणीची घोषणा असते. ती वेळ आली असती, तर नियंत्रकांना ऐनवेळी हेलिकॉप्टरचा मार्ग बदलण्याचा विचार करावा लागला असता. विमान रिकामे असले तरी खाली वस्ती होती. मी ‘मिनिमम फ्युएल’ घोषित केले आणि अकरा मिनिटांचा आकडाही सांगितला.

तेवढ्यात शेजारच्या सहकाऱ्याने माझे लक्ष वेधले ते संपर्क तुटल्यावरच्या योजनेकडे. मला तो त्या दिवसातला सर्वांत मोलाचा क्षण वाटतो. संपर्क तुटला तर विमानाने वीस मिनिटे जागेवर घिरट्या घालून वाट पाहावी आणि मग मंजूर मार्गाने परतावे, असे सकाळी ठरवून त्यात भरलेले होते. भरल्या टाकीला शहाणपणाची ठरणारी ही सूचना आता अर्धा लिटर पेट्रोल खाणार होती. आम्ही ती वेळ पाच मिनिटांवर आणण्याचे ठरवले, पण बदल विमानाकडे पाठवण्याआधी नियंत्रकांना कळवला. ट्रान्सपॉन्डरवर, म्हणजे विमानाची ओळख नियंत्रकांच्या रडारला कळवणाऱ्या यंत्रावर, संपर्क तुटल्याचा ७४०० हा संकेतांक दिसला, तर विमान नेमके केव्हा पट्ट्यात शिरेल हे त्यांना ठाऊक असायलाच हवे होते. हेलिकॉप्टरला किती दूर ठेवायचे, हे त्यावरच ठरणार होते. त्यांनी वेळ आमच्याकडून पुन्हा वदवून घेतली आणि मगच होकार दिला. आम्ही नवी सूचना पाठवली, विमानाने ती स्वीकारल्याचे पडद्यावर पाहिले, तेव्हा कुठे माझा हात कळफलकावरून उठला.

हेलिकॉप्टर अपेक्षेपेक्षा लवकर पार झाले आणि सहाव्या मिनिटाला आम्हाला पट्टा मोकळा मिळाला. पुढची २५ मिनिटे आम्ही दर पाच मिनिटांनी इंधनाचा आकडा मोठ्याने वाचत होतो, बाकी कोणी काही बोलले नाही.

विमान उतरल्यावर टाकीतले सगळे पेट्रोल मोजपात्रात काढले. मापकाच्या मते १.५५ लिटर उरायला हवे होते, प्रवाहाच्या हिशेबाने १.२५, पात्रात भरले १.१९ लिटर. राखीव रेषेच्या वर फक्त ६५ मिलिलिटर. तो आकडा मी नोंदवहीत लिहिला आणि त्याच्याखाली पुढच्या उड्डाणाच्या योजनेत एक रकाना वाढवला: संपर्क तुटल्यावर घिरट्या घालण्याची वेळ, दर अर्ध्या तासाला उरलेल्या इंधनाप्रमाणे नव्याने.