फुगतालच्या वाटेवर

लडाखमधल्या झांस्करच्या पुर्ने गावाला कुठल्या वारी पोचलो विचाराल तर नाही सांगता येणार. पदुम, रेरू, इचर, सगळं एकच होऊन गेलंय, खाली नदी, वर उघडे डोंगर आणि समोर जो येईल त्याला जुले, म्हणजे नमस्कार. आता पुर्नेपर्यंत गाड्या जातात तरी आम्ही हट्टाने चालत, म्हणजे त्यांचीच धूळ खात. मणी भिंत, म्हणजे मंत्र कोरलेल्या दगडांची भिंत, उजव्या हाताला ठेवून जायचं, एवढं तर लहान पोरांनाही कळतं, पण आमच्यातला एक जण दरवेळी शॉर्टकट मारून उलटीकडून जायचा, आणि माझ्या तोंडात ओम मणि पद्मे हुम् आणि मनात शिव्या.

त्या दुपारी टाचेचा फोड एवढा ठणकायला लागला की बूट काढून दगडावरच बसलो, बाकीचे पुढे निघून गेले, कोणी मागे वळून पाहिलं नाही. वरून एक आबी, म्हणजे तिकडची आजी, आली, पाठीवर टोपली, हातात माळ. पाय बघितला, माळ गळ्यात घातली, कुठूनशी सुई काढून काडीपेटीवर तापवली, दोरा ओवून फोडाच्या एका कडेने आत घातली ती दुसरीकडून बाहेर, आणि दोरा आतच ठेवून कापला. पाणी हळूहळू गळायला लागलं. मग थर्मासमधला गुरगुर चा, लोणी घातलेला. मला तो खारट चहा पहिल्या दिवसापासून जात नाही, म्हणून संपवून टाकावा म्हणून घटाघट प्यायलो, तर तिने लगेच परत भरला, परत प्यायलो, परत भरला! पैसे पुढे केले तर हसून माझा हात बाजूला सारला आणि चालायला लागली. नावही विचारलं नाही मी.

झुलता पूल आला. २०१५च्या पुरात या खोऱ्यातले पूल वाहून गेले होते, ते नेमकं मधोमध असताना आठवलं.

फुगतालचा गोम्पा, म्हणजे बौद्ध मठ, वळणावर एकदम दिसतो, कड्यातली मोठी गुहा आणि तिला चिकटलेल्या मातीच्या खोल्या. पंधराव्या शतकात जांगसेम शेराप झांगपोंनी स्थापन केलेला, तिबेटी बौद्धांच्या गेलुग पंथाचा. हंगेरियन अभ्यासक चोमा द कोरोश १८२५-२६मध्ये इथे तिबेटी शिकत राहिला होता, त्याच्या आठवणीचा दगड बघितला, पुढे गेलो.

संध्याकाळच्या पूजेत ढोल सुरू झाला आणि का कोण जाणे डोळे भरून आले, पाच मिनिटांनी भूक लागली. टाचेत दोरा तसाच होता. एक छोटा लामा किटली घेऊन रांगेतून आला. मी कपावर हात ठेवला, मग काढून घेतला.